तीन ओळी कुणी पुसल्या?

"सख्खी पुतणी आहे माझी," पाहुणे म्हणाले, "पण पाच वाजता आमच्या मंडळापुढे दोषी म्हणून तिचंच नाव द्यावं लागणार."

वहिनींनी चष्मा पुसला. त्या खासगी तपासनीस. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, निवृत्तीनंतर त्यांच्यासाठी टिपणं काढत. आपलं डोकं सावकाश चालतं, हे ते स्वतःच सांगत. चालतं हे काय कमी, असं वहिनी म्हणत.

पाहुणे संगणकाची एक प्रणाली तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते. सगळे त्यांना काका म्हणत. प्रणाली फुकट, कुणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी. ती सगळी हा गट लिहीत नसे. ठिकठिकाणच्या लोकांनी लिहिलेले हजारो भाग 'वरून', म्हणजे मूळ लिहिणाऱ्यांकडून, घ्यायचे, जुळवायचे आणि पुढे द्यायचे. छपाईचा भाग एका बाईंचा होता. त्या तो वीस वर्षं एकट्याने, बिनपगारी सांभाळत होत्या आणि अशा डझनभर प्रणाली त्यावर उभ्या होत्या. हे ऐकून भाऊजींची पेन्सिल थांबली. एवढा डोलारा एका बाईच्या खांद्यावर, आणि तिला ओळखतं कोण?

गेल्या महिन्यात नवी आवृत्ती निघाली आणि छापलेल्या ओळीचं शेवटचं अक्षर गळू लागलं. एका दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठीवर पन्नासचे पाच झाले. औषध देणाऱ्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. जुनी आवृत्ती शेजारी ठेवून पाहिलं, तर नवीत छपाईच्या भागातल्या तीन ओळी गायब. सहा महिन्यांपूर्वी काकांनी जुळवणीचं काम पुतणीला दिलं होतं, आणि ही तिची पहिलीच आवृत्ती.

काकांच्या कचेरीत पुतणी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बसली होती. तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात प्रणालीचं चिन्ह होतं, एक छोटी होडी.

"वरून आलं तसं घेतलं," ती म्हणाली. "एक टिंबही हलवलं नाही. काकांचाही विश्वास नसेल, तर मी हे काम सोडते."

खोलीच्या कोपऱ्यात चादरीखाली एक जुना संगणक होता. तो काकांचा, काम सोपवल्यापासून बंद. पुतणीने सगळं आपल्या संगणकावर नव्याने मांडलं होतं.

मग छपाईचा भाग सांभाळणाऱ्या बाईंशी पडद्यावरून बोलणं झालं. त्यांनी आपला पडदाच दाखवला. वीस वर्षांतला प्रत्येक बदल तारखेनिशी जपलेला. त्या तीन ओळी तिथे कधीच नव्हत्या.

"शेवटचं अक्षर गळतं, ही तक्रार दुसऱ्या प्रणालीवाले अकरा वर्षं करताहेत," बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "पण याच संगणकावर मी रोज छापून बघते. इथे कधी गळलंच नाही. वर्षभर तर मी यातलं काही बदललेलंही नाही."

भाऊजींनी वहीत सवयीने त्या पडद्यावरचं चित्र काढलं. कोपऱ्यात होडी होती.

वहिनींनी वही पाहिली आणि हसल्या. "भाऊजी, अर्धं काम तुम्ही केलंत. आता ती चादर काढा."

जुना संगणक कुरकुरत सुरू झाला. वहिनी सांगू लागल्या, "पुतणी खरं बोलते आणि बाईही. बाईंकडे ओळी नव्हत्या, पुतणीने पुसल्या नाहीत, तरी जुन्या आवृत्तीत होत्या. म्हणजे मधे कुणीतरी घालत होतं. मधे होते फक्त काका."

वहिनी काकांकडे वळल्या.

"दुसऱ्या प्रणालींवर अक्षर गळायचं, बाईंकडे नाही. कारण बाई वापरतात तुमचीच प्रणाली, तीही जुनी आवृत्ती. त्यांना वाटलं, आपण आपला भाग तपासतोय. छापत होती ती तुमची दुरुस्त केलेली नक्कल."

पुतणीला शोधायला वेळ लागला नाही. जुन्या संगणकात काकांनी लिहिलेली एक छोटी आज्ञावली होती. वरून भाग आला की ती त्यात आपोआप तीन ओळी घाली. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. खाली लिहिलं होतं: 'तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात वर पाठवणे.'

"दुरुस्ती वर पाठवायची, म्हणजे सगळ्यांना मिळते, हे मीच सगळ्यांना शिकवलं," काका हळूच म्हणाले. "आणि माझ्याच हातचं मला ओळखू आलं नाही. पोरी, पाठव तू."

तिने पाठवलं. दहा मिनिटांत बाईंनी ते स्वीकारलं. मग कुठल्या कुठल्या गावच्या प्रणाली तो बदल एकेक करून उचलू लागल्या. भाऊजी पडद्यापुढे उभेच राहिले. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही माणसं एकमेकांची अक्षरं सावरत होती. त्यांचा ऊर भरून आला आणि टिपण तसंच राहिलं.

पाच वाजता मंडळ जमलं. काकांनी कबूल केल्याप्रमाणे उभं राहून नाव दिलं, स्वतःचं.