खोपीतल्या कणांची चोरी

खोपीत यंत्र नव्हतं. लोखंडी टेबल तेवढं उरलं होतं.

उपनिरीक्षक स्नेहल घरतने टेबलाच्या मधोमध बोट फिरवलं. काळा, चिकट थर. खाली उंदरांच्या लेंड्या, वर ओल्या कुडाचा कुबट वास. तिने रुमाल नाकाला लावला. जगभर गाजलेलं संशोधन म्हणे इथून निघालं होतं.

"सहा काळ्या पाट्या होत्या," डॉ. श्रीरंग टिळेकर दारातूनच म्हणाले. बूट खराब होतील म्हणून ते आत येत नव्हते. "टेबलभर मांडलेल्या. आकाशातून येणारे म्युऑन कण मोजायच्या."

"कधी हलवल्या होत्या?"

"एकदाही नाही. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर टेबल आणि पाट्या एकाच दिवशी बसवल्या. परवाच्या रविवारपर्यंत आकडे येत होते."

"कुणाकडे?"

"थेट माझ्या कॉम्प्युटरवर. दुसऱ्या कुणाकडे नाही."

"संशय?"

"कुलूप किल्लीने उघडलंय. वायरी नीट सोडवल्यात. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, दुसरी माझी विद्यार्थिनी संघरत्ना रोकडे हिच्याकडे." त्यांनी आवाज खाली आणला. "वाशिंदच्या वस्तीतली आहे. भंगारवाले ओळखीचे असतील."

घरतने त्यांच्याकडे पाहिलं. किळस यायला खोपीतला वास पुरेसा होता, त्यात ही भर.

"चारशे शास्त्रज्ञांनी माझ्या लेखाचा दाखला दिलाय, मॅडम. पुढच्या आठवड्यात जर्मनीची मंडळी यंत्र बघायला येताहेत. आता त्यांना काय दाखवू?"

संघरत्ना टोकावड्याच्या ठाण्यात बाकावर बसली होती. रडून झालं होतं.

"खोपीत कशाला गेली होतीस?"

"गेलेच नाय, मॅडम. दार उघडलं की उजेड शिरतो, मोजणी बिघडते, असं सर म्हणायचे. मी फक्त मूळ आकडे मागितले होते."

"का?"

"हवेचा दाब बदलला की कणांची संख्या थोडी हलते. पावसाळ्यात तर हलायलाच पाहिजे. सरांच्या आलेखात हलतच नाय."

"मग बोलली का नाहीस?"

"लेखावर सरांच्या खाली माझं नाव आहे. माझा प्रबंधही त्याच आकड्यांवर." ती जमिनीकडे बघत राहिली. "सर म्हणतात, चोरी कबूल कर. केस मागे घेतो, पीएच.डी. सोडून दे. आईने धुणीभांडी करून शिकवलंय मला. तिला काय सांगू?"

घरत पुन्हा खोपीच्या गावी, वैशाखऱ्याला गेली. खोपी ज्यांच्या शेतात होती त्या सकुबाई बांधावर भेटल्या.

"मावशी, खोपीला लागून ही काय जागा?"

"राबाची. रोपं टाकायच्या आदी आमी जमीन भाजतो ना, ती. चैतात भाजली."

"राख खोपीत जात असेल?"

"कुडाची भिंत ती, जाणारच. सायबाला फोन करून बोललेली मी, यंत्र झाकून ठेवा म्हणून. ते हं हं करत राहिले."

"मध्ये कधी आले होते का ते?"

"मला नाय दिसले. पौषात म्हशाच्या जत्रेला आमी सगलीच गेलो, घर बंद. जाताना टोकावड्याच्या धाब्यावर त्यांची गाडी होती. म्हटलं, सायब पन जत्रेला आले."

संध्याकाळी घरतने टिळेकरांना आणि संघरत्नाला खोपीत बोलावलं. या खेपेला टिळेकरांना आत यावंच लागलं.

"सर, टेबलावर हे काय आहे?"

"धूळ."

"राबाची राख आहे. चैत्रात पडली, पावसाळ्यातल्या ओलीने चिकटली. पाट्या जागेवर असत्या तर राख पाट्यांवर बसली असती आणि खालचं टेबल स्वच्छ राहिलं असतं. इथे मधोमधही तेवढाच थर आहे. म्हणजे चैत्राआधीच पाट्या गेल्या होत्या."

"मग हिनेच तेव्हा नेल्या असतील."

"तेव्हा नेल्या असत्या तर आकडे तेव्हाच थांबले असते. तुम्ही म्हणता, रविवारपर्यंत येत होते. पाट्याच नाहीत, तर ते आकडे आले कुठून? येत होते फक्त तुमच्याकडे. आणि किल्ली असलेल्या दोघांपैकी जत्रेच्या दिवशी इथल्या रस्त्यावर दिसलात तुम्ही. गाव रिकामं असताना पाट्या गाडीत घातल्यात. आता पाहुणे येणार म्हणून चोरी घडवलीत. चोर कोण, तर आकडे मागणारी ही मुलगी. एका दगडात दोन पक्षी."

टिळेकरांनी रुमालाने हात पुसले.

"पहिल्याच पावसात ओल शिरली. बिघडलं म्हणालो असतो तर लेखच निघाला नसता."

"पाट्या कुठे आहेत?"

"गॅरेजमध्ये. इथे राहिल्या असत्या तर कुणीतरी तपासल्या असत्या. पण माझा निष्कर्ष चुकीचा नाहीये, मॅडम. पडताळायचा तेवढा राहिला."

घरत बाहेर येऊन थुंकली आणि हवालदाराला त्यांना गाडीत बसवायला सांगितलं.

"तू सुटलीस," ती संघरत्नाला म्हणाली.

"हो." संघरत्ना हसली नाही. प्रबंधातला आकडा न् आकडा त्या रिकाम्या टेबलावरचा होता.

तिचा फोन वाजला. तिने वाचून तो घरतपुढे धरला. ब्राझीलमधल्या कुणीतरी आज त्या लेखाचा दाखला दिला होता. टिळेकरांचं नाव होतं आणि त्याखाली तिचं.