दोघांच्याही हाताला गुण

“आई, खरं सांग, माझ्या चोळण्यानं बरं वाटतं ना?” थोरल्यानं विचारलं, आणि उशीत तोंड खुपसून ती म्हणाली, “तुझ्या हाताला गुण आहे रे, राजा!”

खरं तर त्याच्या अंगठ्यानं कुल्ल्याखालची ती दुखरी नस दाबली की थेट पोटरीपर्यंत आग पेटत जाई... पण आई बोलणार कशी? संध्याकाळी धाकटा येई, तिचा पाय हळूच उचलून घोटा वरखाली करवून घेई, आणि त्यानं मात्र खरोखर आराम पडे. त्यालाही ती तेच सांगे.

वडिलांच्या शेवटच्या आजारात थोरल्याचा निर्णय चुकला, धाकट्यानं ते त्याच्या तोंडावर फेकलं, आणि तेव्हापासून भावाभावांत शब्द नव्हता. ‘तुझ्या हातानं दुखणं वाढतं’ असं आता आपणही म्हटलं, तर हा लेक पुन्हा उंबरा चढेल का? या एका भयानं ती माउली सारं सोसत होती!

“दोन उपायांपैकी कशानं उतार पडतो?” फिजिओथेरपीच्या बाई दर खेपेला विचारत.

“दोन्हींनी.”

“शिक्षिका होतात ना तुम्ही? आणि सगळ्यांनाच पास करताय!” बाई हसत.

मग एका सकाळी तिची चप्पल खोलीच्या मधोमध राहिली आणि ती तशीच दारापर्यंत आली. पायातून चप्पल निसटल्याचं तिला कळलंच नव्हतं! थोरला पांढराफटक पडला. आईसाठी त्यानं प्रथमच धाकट्याला फोन केला.

“नस फार दबलीय. बधिरपणा किती जाईल, आज सांगता येत नाही,” दोघा भावांसमोर पाय तपासून बाई म्हणाल्या. “हे चोळणं कधीच थांबायला हवं होतं. त्यानं दुखत नव्हतं?”

“मीच त्याला जोरात चोळ म्हणायचे...” ती घाईघाईनं म्हणाली.

“खोटं!” थोरला म्हणाला. “आई, तू रोज माझ्या हाताखाली... आणि मला कळूही दिलं नाहीस?”

आता धाकटा घाव घालणार, म्हणून तिनं डोळे मिटले.

“दादा, ‘तुझ्या हाताला गुण आहे’ असं ती मलाही सांगायची. तुला कळणार कसं?” धाकटा हलकेच म्हणाला. “त्या वेळी बाबांच्या बाबतीतही... मी फार बोललो रे.”

थोरल्यानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मग थोरल्यानं आईची टाच ओंजळीत धरली, आणि धाकटा त्याला शिकवू लागला. “हळू, दादा. आता गुडघा सरळ कर.”

“आई, दुखतंय?”

“हो रे... दुखतंय!” ती म्हणाली, आणि दोघांचेही हात एकदमच थांबले.