खोली नंबर ३१२ मधले दोन हजार युरो

तिजोरी कुणी उघडलीच नव्हती.

शलाका मोहितेने व्हिएन्नाच्या हॉटेलकडून आलेला मेल पुन्हा वाचला. आकडे तेच होते. रविवार, संध्याकाळी सात बारा: तिजोरी बंद. सोमवार, संध्याकाळी पाच चाळीस: कोड टाकून उघडली. मधल्या वेळेत काही नाही. हॉटेलच्या मास्टर कोडनेसुद्धा कुणी उघडली असती, तर तिजोरीच्या मेमरीत नोंद राहिली असती. तशी नोंद नव्हती.

तरीही तिच्यातून दोन हजार युरो गेले होते. शंभरच्या वीस नोटा.

शलाका बडोद्यात एका विमा कंपनीसाठी दावे तपासायची. बारा वर्षांत तिने खोटे अपघात पाहिले होते, खोटी आजारपणं पाहिली होती. बंद तिजोरीतून हवेत विरघळलेले पैसे पहिल्यांदाच पाहत होती.

मेलच्या शेवटी चार ओळी होत्या. त्या दिवशी खोलीत फक्त सफाई कामगार मिलेना गेली होती. ती अजून कायम झालेली नव्हती. पाहुण्यांनी तक्रार केली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढण्यात आले. तिजोरीची नोंद काढायला बाहेरचा तंत्रज्ञ लागतो, म्हणून ती नोंद विमा कंपनीने मागितल्यावर, म्हणजे तीन आठवड्यांनी काढली.

शलाकाने फाइल उचलली आणि स्कूटर निजामपुऱ्याकडे वळवली.

*

दावा नारायण दिघे यांचा होता. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यातून हिशेब अधिकारी म्हणून निवृत्त. त्यांनी दार उघडले तेव्हा त्यांच्या हातात आधीच एक फाइल होती.

"या, बेसो, बसा. सगळे कागद क्रमाने लावलेत."

पोलिसांत केलेली तक्रार, हॉटेलचे पत्र, विमानाची तिकिटे. युरो घेतल्याच्या पावतीची झेरॉक्स.

"मूळ पावती?"

"पाकिटात होती. पैशांबरोबर गेली."

त्यांची पत्नी निरुपमा पाणी घेऊन आल्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, बोलण्याआधी नवऱ्याकडे बघणाऱ्या.

"काका, पैसे कशासाठी नेले होते?"

"मुलीसाठी," निरुपमाबाई म्हणाल्या. "सानवी तिथे नर्सिंग शिकते. शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. माझ्या पीएफचे पैसे होते."

"नवरा सोडून गेली ती," नारायणराव म्हणाले. "मी शोधून दिलेला नवरा. म्हणून तर हॉटेलात उतरलो. तिच्या खोलीत मी पाय ठेवणार नाही."



"बँकेतून थेट का नाही पाठवले?" शलाकाने विचारले.

"बँक चार्ज लावते. आम्ही जाणारच होतो, म्हटलं हातात देऊ."

"कार्डवर टाकून न्यायचे."

"कार्डाचंही काही खरं नसतं."

शलाकाने भिंतीकडे पाहिले. तिथे ज्येष्ठ नागरिक मंडळाने दिलेले मानपत्र होते. 'परदेश प्रवासात पैसे कसे सांभाळावेत' या व्याख्यानाबद्दल.

"व्याख्यानात तुम्ही काय सांगता, काका?"

त्यांचा चेहरा खुलला. "तीन गोष्टी. पैसा तीन ठिकाणी ठेवायचा. निम्म्याहून जास्त कार्डावर, कारण कार्ड हरवलं तर एका फोनवर बंद होतं. आणि रोख नोटांचे नंबर घरी लिहून ठेवायचे."

"मग हे सगळे एकाच पाकिटात?"

"घाई झाली."

"नोटांचे नंबर?"

"राहिलं."

"तिजोरीचा कोड कुणाला माहीत होता?"

"फक्त मला. हिच्या लक्षात राहत नाही."

निरुपमाबाई चहा टाकायला आत गेल्या. नारायणराव पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू? मला ती मोलकरीण चोर वाटत नाही आता. मला हिचाच संशय येतो. लेकीला आधीच गुपचूप देऊन मोकळी झाली असेल. पाकीट मी बंदच तिजोरीत ठेवलं. आत काय होतं, मी कुठे पाहिलं? पण घरातली गोष्ट आहे. तुम्ही लिहू नका."

शलाकाने लिहिले नाही. पण ती विचारात पडली. त्यांचे म्हणणे तिजोरीच्या नोंदीशी जुळत होते. पैसे तिजोरीत जाण्याआधीच पाकिटातून गेले असतील, तर तिजोरी उघडायची गरजच नव्हती.

*

निरुपमाबाई तिला सोडायला खाली फाटकापर्यंत आल्या.

"काकू, नोटा तुम्ही शेवटच्या कधी पाहिल्या?"

"मंगळवारी. मांडवी बाजारातून आणल्या त्याच संध्याकाळी. मीच मोजल्या. मग यांनी पाकीट चिकटवलं आणि कपाटात ठेवलं. शनिवारी विमानात बसलो तेव्हा ते यांच्या कमरेच्या पाऊचमध्ये होतं."

"पाऊच तुमच्या हातात कधी आला?"

त्या थबकल्या. "एकदा. रविवारी सकाळी. हॉटेलात नाश्त्याला खाली गेलो होतो. हे पाऊच खुर्चीवरच विसरले. वर खोलीत आल्यावर माझ्या लक्षात आलं. मी धावत खाली गेले."

"एकट्या?"

"हो. तिथेच होता, नशिबाने. पाकीट चाचपलं, हाताला जाड लागलं. तसंच आणून दिलं."

म्हणजे पाऊच घेऊन त्या पाच मिनिटे एकट्याच होत्या. शलाकाने ते टिपून घेतले.

"काका ओरडले असतील."

निरुपमाबाई हसल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"तेच तर! इथे दूधवाल्याने दोन रुपये कमी दिले तर दिवसभर घर डोक्यावर घेतात. पण तिथे म्हणाले, 'असू दे गं, मिळालं ना? बस, चहा घे.' जागचे हललेसुद्धा नाहीत. खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, माणूस मोठा प्रवास करतो तेव्हा बदलतो. एकेचाळीस वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

"त्याच दिवशी सानवी भेटली ना? तेव्हाच पैसे का नाही दिले?"

"मी म्हणत होते. हे म्हणाले, सोमवारी संध्याकाळी देऊ, निवांत. रविवारी संध्याकाळी मी आंघोळीला गेले होते तेव्हा पाकीट तिजोरीत ठेवलं म्हणाले. सोमवारी माझ्यासमोरच उघडली. आत काही नव्हतं." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "मग त्या पोरीला बोलावलं. वीस-बावीस वर्षांची असेल. रडत होती. हे तिच्याकडे बोट दाखवून सांगत होते, हीच आली होती खोलीत. मला तिची भाषा येत नव्हती. पण ती काय म्हणतेय ते कळत होतं."

*

संध्याकाळी शलाकाने सानवीला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"शेवटच्या वर्षाचा प्रवेश घेतलास?"

"नाही. फी भरायची तारीख गेली. सध्या एका बेकरीत काम करते."

"आईने तुला काही रोख रक्कम दिली होती?"

"आईने लाडू दिले." मग सानवी म्हणाली, "ताई, आई चोरून काही करू शकत असती ना, तर तिने ते फार आधी केलं असतं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका मांडवीत गेली. मांडवी दरवाज्याजवळच्या गल्लीत, साड्यांच्या दोन दुकानांच्या मधोमध, परकीय चलनाचे एक छोटे ऑफिस होते. काउंटरवर पीयूष नावाचा तरुण बसला होता. तिने कंपनीचे पत्र त्याच्यापुढे ठेवले, आणि कागदपत्रे तपासायला संमती देणारा, नारायणरावांच्या सहीचा दाव्याचा फॉर्मही.

"या पावतीची मूळ प्रत कुणाकडे असते?"

"गिऱ्हाइकाकडे, बेन."

"आणि ती तुमच्याकडे परत कधी येते?"

पीयूष तिच्याकडे बघत राहिला. "एकाच कामासाठी येते."

त्याने रजिस्टर उघडले. दहा मिनिटांनी शलाका एक कागद घेऊन बाहेर पडली.

*

"तिजोरीतून काही गेलं नाही," शलाका म्हणाली. "कारण तिजोरीत काही ठेवलंच नव्हतं."

दोघे पतीपत्नी समोर बसले होते. नारायणरावांनी मान हलवली. "मी म्हटलं ना तुम्हाला. पैसे आधीच—"

"आधीच गेले होते. बरोबर. पण व्हिएन्नात नव्हे."

ती सावकाश बोलू लागली.

"पहिली गोष्ट. जो माणूस पैसे तीन ठिकाणी ठेवा म्हणून चारचौघांना शिकवतो, त्याने दोन हजार युरो एका पाकिटात ठेवले. कार्ड नको, बँक नको. का? कार्डवरचे पैसे आपोआप नाहीसे होत नाहीत. रोख रक्कम नाहीशी होते. म्हणून नोटांचे नंबरही नको होते.

"दुसरी गोष्ट. मला काल काकूंवर संशय आला. पाऊच घेऊन त्या एकट्या होत्या. पण त्यांनी नोटा काढल्या असत्या, तरी तिजोरीत पाकीट सापडलं असतं; तेही नव्हतं. आणि रात्रभर मला काकांचंच आश्चर्य वाटत राहिलं. दोन लाखांचा पाऊच खाली हॉलमध्ये राहिला, आणि दोन रुपयांसाठी भांडणारा माणूस जागचा हलला नाही. पैसे हरवल्याची भीती कुणाला वाटत नाही? ज्याला ठाऊक असतं की पाऊचमध्ये पैसे नाहीत, त्याला."

 

"तिसरी गोष्ट ही." शलाकाने कागद टेबलावर ठेवला. "शुक्रवार. प्रवासाच्या आदल्या दिवशी काका मांडवीत परत गेले. ट्रिप रद्द झाली म्हणून सांगितलं आणि वीसच्या वीस नोटा विकून आले. मूळ पावती त्यासाठी तिथे द्यावी लागली. एवढी रक्कम रोख मिळत नाही, खात्यात जमा होते. युरो घेतले ते काकूंच्या चेकने. परतीचे पैसे आले ते काकांच्या खात्यात. पाकिटात कसले कागद भरले होते, ते तुम्हीच जाणा. व्हिएन्नात ते फाडून फेकायला तुम्हाला एक मिनिट पुरलं असेल."



"चोरी कसली त्यात?" नारायणराव म्हणाले. आवाजात अजून अधिकाऱ्याचा ताठा होता. "घरातले पैसे घरातच राहिले. मी वाचवले. नवऱ्याला सोडून परदेशात जाऊन बसलेल्या मुलीवर ही उधळणार होती."

"माझे होते ते," निरुपमाबाई म्हणाल्या.

"तुझं माझं काय? घर चालवलं कुणी?"

"मग विमा का मागितलात, काका?" शलाकाने विचारले. "चोरीला गेलेल्या रोख रकमेवर पॉलिसीत फार तर पाचशे युरो मिळतात. तो अर्ज केला नसता तर मी इथे आलेच नसते."

"हप्ता भरला होता," ते म्हणाले. एवढेच. त्यांना त्यात काही चुकीचे दिसत नव्हते, आणि हेच शलाकाला सगळ्यात भयंकर वाटले.

निरुपमाबाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि ती पोर? तुम्ही तिच्याकडे बोट दाखवलंत. तुम्हाला तेव्हाही माहीत होतं."

"मिळेल तिला दुसरी नोकरी. त्यांच्या देशात कामाला काय तोटा?"

शलाकाने निरुपमाबाईंच्या जबाबाचा कागद पुढे केला. नारायणराव म्हणाले, "निरू, विचार कर. या वयात कुठे जाणार आहेस?"

निरुपमाबाईंनी कागद जवळ ओढला. चष्मा लावला, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि सही केली.

*

दावा फेटाळला गेला. रक्कम लहान म्हणून कंपनीने पोलिसांत तक्रार केली नाही. साहेबांनी शलाकाला दुसरी फाइल दिली. नारायणरावांनी पैसे बायकोच्या खात्यात परत टाकले, पण कॉलेजची तारीख उलटून दोन महिने झाले होते. पुढचा प्रवेश पुढच्या वर्षी.

शलाकाने हॉटेलला सविस्तर लिहिले होते. तुमच्या कर्मचारी मुलीचा काही दोष नव्हता, तिला कामावर परत घ्या. आठ दिवसांनी उत्तर आले. तिने निरुपमाबाईंना फोन लावला.

"कशा आहात, काकू?"

"इथेच आहे. स्वयंपाक करते, दोन ताटं वाढते. बोलत नाही. तिकडून काही आलं?"

"आलंय." शलाका वाचू लागली. "झाल्या प्रकाराबद्दल हॉटेलला खेद आहे. मिलेना शहर सोडून आपल्या देशात परत गेली. नियमानुसार तिचा पत्ता देता येत नाही. मनस्तापाबद्दल दिघे कुटुंबाला पुढच्या मुक्कामात वीस टक्के सवलत देण्यात येईल."



"तिचं आडनाव काय होतं गं?" निरुपमाबाईंनी विचारले.

शलाकाने पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले.

"लिहिलेलं नाही, काकू."