कडी ढिली का होते?

वाचनालयात प्राध्यापक तिनं लिहिलेल्या खेड्यातल्या गोष्टींची चिरफाड करत होते, आणि ती, दिवसभर लोकांचे कपडे शिवून उरलेल्या वेळात लिहिणारी बाई, पहिल्या रांगेत दातओठ खात होती.

"प्रत्येक गोष्टीत दाराची कडी तुटकी आहे. हे... कोंडलेल्या स्त्रीमनाचं प्रतीक!"

मागून आवाज आला, "साहेब, कडी तुटकी तर दार लागणारच नाही. मग बाई कोंडली कशी?"

हशा पिकला. तिनं वळून पाहिलं. गावातला नवा सुतार. कानावर पेन्सिल, केसांत भुसा... आणि नजर थेट तिच्यावर!

दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन दारात. "अकरा गोष्टी वाचल्या. अकराही ठिकाणी कडी तुटकी. म्हटलं, बाईंच्या घरचीच बघून यावी."

"तीन वर्षं तुटकीच आहे!" आई आतून कडाडली. "ही लिहिते, दुरुस्त करत नाही!"

आजवर शहाण्यांनी तिच्या बादलीत, दोरीत, अगदी शेळीतसुद्धा प्रतीकं शोधली होती. कडीला कडी म्हणणारा हा पहिलाच. तिचा जीव तिथंच अडकला.

त्यानं कडी बसवली आणि तो गेला. झालं! आता कशाला येतोय?

दोन दिवसांत कडी ढिली. त्यानं येऊन आवळली. पुन्हा ढिली. पुन्हा आवळली. चौथ्यांदा मात्र त्याचं तोंड उतरलं.

"दुसरा सुतार बघा, बाई. साधी कडी टिकत नाही माझ्या हातची... लोकांची दारं कुठल्या तोंडानं करू? हत्यारं विकून टाकतो."

तिच्या काळजात चर्र झालं. "थांबा... स्क्रू नीट बघा."

स्क्रूच्या खाचेत निळा दोरा अडकला होता. शिलाई मशीनवर निळंच कापड होतं, आणि शेजारी मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर.

"तुम्ही?"

"तुमची पाठ वळली, की..."

"म्हणजे ही कडी प्रतीक आहे?"

"त्या प्राध्यापकांना सांगाल तर खबरदार!"

तो गालात हसला. "मग मला इथंच राहावं लागेल. रोज एवढी ये-जा कोण करणार?"

"आधी मागणी घाला," तिचे कान तापले, "कडीच्या आडून बोलू नका."

"घातली—"

"बाहेर जाऊन ठरवा काय ते!" आईनं दोघांनाही उंबऱ्याबाहेर काढलं. "आणि पुन्हा माझ्या कडीला हात लावाल तर याद राखा!"

दार बंद झालं. आतून आवाज आला – खट्ट.

सुताराचा चेहरा उजळला. "बसली!"