आडवी फांदी

दाराची कडी बाहेरून लावलेली होती.

ही एकच गोष्ट त्या रविवारी मिर्ता लारोसा हिच्या गळ्याभोवती फासाप्रमाणे आवळत चालली होती. दुपारी तिनेच ती कडी काढली, आणि भट्टीचे तोंड उघडावे तशी धग तिच्या अंगावर आली. आत, सहा कुंड्यांच्या मधोमध, तिचे वडील वॉशिंग्टन लारोसा निश्चेष्ट पडलेले होते.

वॉशिंग्टन हे फ्राय बेंतोस गावचे निवृत्त पाववाले. घरामागच्या बिनखिडकीच्या कोठीत, प्रखर दिव्याखाली, परवान्यातली गांजाची सहा रोपे वाढविणे हाच त्यांच्या म्हातारपणाचा विरंगुळा होता. आता ते रुग्णालयात बेशुद्ध होते. मुलीस मात्र तेथे जाण्याची मुभा नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात शिपाई यमांदू उभा होता.

पोलीस अधिकारी एलादियो बेंतांकूर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"काल संध्याकाळी कुठे होता?"

"हॉस्पिटलात. नर्स आहे मी, रात्रपाळी होती."

"सकाळी आल्यावर वडिलांना हाक नाही मारली?"

"रविवारी ते रोपवाल्यांच्या मंडळात जातात. वाटलं, गेले असतील. मी झोपले." तिचा स्वर फाटला. "भिंतीपलीकडे बाप तडफडत होता, साहेब, आणि मी घोरत होते!"

"तुमची भांडणं व्हायची म्हणे."

"रोज! 'हे जंगल काढा' म्हणायचे मी. त्या पानाला बोट लागलं तरी माझ्या हातावर गांधी उठतात. म्हणून काय बापाला कोंडीन?"

"आज मंडळात काही विशेष होतं?"

"काहीतरी सांगायचं होतं त्यांना. 'नेल्सनला वाईट वाटेल, पण आता बोललंच पाहिजे,' म्हणाले. काय ते नाही सांगितलं."

यमांदू खाकरला. "साहेब, सरकारी वकिलांचा फोन होता. कामावर जायच्या आधी हिनंच कडी घातली असणार, म्हणतात. संध्याकाळपर्यंत हिला घेऊन या म्हणून."

मिर्ताने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. घर तिचेच होते, परंतु त्यातून बाहेर पडण्यास आता एकही वाट उरली नव्हती.

इतक्यात परसातून तिचा चुलतभाऊ नेल्सन आला. त्याचे घर पाठीला पाठ लावून होते. मध्ये केवळ कमरेइतकी भिंत, आणि परसदाराला कुलूप लावण्याची रीत कोणालाच नव्हती. मंडळाच्या गतवर्षीच्या स्पर्धेत त्याच्या रोपाने पहिला करंडक पटकाविला होता, तेव्हापासून गाव त्याला 'करंडक' म्हणूनच हाक मारीत असे.

"काल दुपारी आलो होतो, साहेब. काकांनी शेंडे खुडले, फांद्या बांधल्या. मी नुसता माटेचा काढा पीत बघत बसलो. निघालो तेव्हा ही घरातच होती."

"खोटं! मी निघाले तेव्हा तू इथंच बसला होतास!"

"मिर्ता, कठीण प्रसंग आहे, मी समजू शकतो. पण माझ्यावर नको ढकलूस."

"त्यानंतर त्या कोठीत पाऊल टाकलंत?" बेंतांकूरने विचारले.

"नाही. बोंब ऐकून आत्ता येतोय."

बेंतांकूर एकटाच कोठीत गेला. पंखा बंद होता. त्याने दाराबाहेरची कळ दाबली. पंखा निमूटपणे फिरू लागला.

"यमांदू, काल रात्री वीज गेली होती ना?"

"अर्धं गाव अंधारात होतं, साहेब. सामना ऐन रंगात आलेला. बायको म्हणाली, देव आहे!"

वीज आल्यावर दिवा आपोआप पुन्हा पेटला होता. पंख्यास मात्र कळ दाबणारा हात हवा होता. तो हात कडीच्या चुकीच्या बाजूस, अंधारात चाचपडत कोसळला होता.

मग त्याने रोपांकडे पाहिले. प्रत्येकाचा मधला शेंडा खुडलेला, जेणेकरून बाजूच्या फांद्यांना जोर यावा. आणि त्या फांद्या वाकवून, जुन्या मोज्यांच्या पट्ट्यांनी, सैल सुरगाठीने कुंडीच्या काठाशी बांधलेल्या. सर्व फांद्यांची टोके मान उंचावून दिव्याकडे पाहात होती.

सर्व, एक सोडून.

म्हातारा जेथे पडला होता तेथली एक फांदी सपाट आडवी होती. टोक भिंतीकडे. तिच्या पट्टीला सुरगाठ नव्हती. दोन वेढे देऊन शेवट आत खोचलेला होता.

बेंतांकूर तेथे उकिडवा बसला. मग त्याने शेजारच्या रोपाची एक पट्टी हलकेच सोडविली. फांदी सुटून वर झेपावली. त्याने पंखा बंद केला आणि मिर्ता व नेल्सन दोघांनाही आत बोलाविले.

"यमांदू, बाहेरून कडी घाल."

"साहेब?"

"घाल म्हटलं ना."

कडीचा आवाज झाला. हवा तत्क्षणी जड झाली.

"माझ्या घरीही कपाटात चार रोपं आहेत," बेंतांकूर सावकाश बोलू लागला. "बायको सकाळी फांद्या वाकवते. संध्याकाळी बघावं, तर टोकं पुन्हा वर वळायला लागलेली! काल बांधलेल्या ह्या सगळ्या फांद्या वर बघतायत. ती एक मात्र आडवी आहे. म्हणजे ती आज बांधली."

"काकांनीच बांधली असेल," नेल्सन कपाळ पुसत म्हणाला.

"डॉक्टर म्हणतात, रात्रीच शुद्ध हरपली होती. पडताना त्यांच्या हाताने ती पट्टी निघाली. सकाळी कोणीतरी दार उघडलं. म्हातारा अजून श्वास घेत होता. त्या माणसाने त्याला ओलांडलं, सुटलेली फांदी बांधली, आणि पुन्हा कडी घातली."

"अरे देवा," मिर्ता पुटपुटली.

"मिर्ताबाईंच्या हातावर एकही गांध नाही. मग सुटलेली फांदी बघवत नाही, असा हात कोणाचा?"

"ते मला काय विचारता? दार उघडा आधी, गुदमरतंय!"

"विचारत नाही. बघतोय."

नेल्सनने खाली पाहिले. बोलता बोलता त्याच्या हाताने मघाची सुटी फांदी वाकविली होती. पट्टीचे दोन वेढे पडले होते. अंगठा शेवट आत खोचत होता.

हात तेथेच थिजला.

"करंडकाचं रोप त्यांचं होतं," तो शेवटी म्हणाला. "त्यांनीच दिलं होतं, हौसेनं. मग मन खायला लागलं म्हणे. आज सगळ्यांसमोर सांगणार होते. मी नुसतं सभा संपेपर्यंत कोंडलं! पंखा चालू होता, साहेब, शपथेवर सांगतो. सकाळी आलो तर हे असे पडलेले. घाबरलो. आता सांगू तरी काय, कोणाला... आणि ती फांदी लोंबत होती."

"कालची कडी रागाची होती," बेंतांकूर म्हणाला. "ती मी समजू शकलो असतो. आजची कडी ते मरावेत म्हणून घातलीस."

"दार उघडा ना, साहेब!" नेल्सन दारावर मुठी आपटू लागला.

"तुझे काका पण असेच आपटले असतील रे," मिर्ता म्हणाली.

कडी निघाली. यमांदूने नेल्सनचे दंड धरले. मिर्ता मात्र कोणाकडेही न पाहता, पायात घरच्याच सपाता तशाच, रुग्णालयाच्या दिशेने धावत सुटली; आणि तिला आता कोणी अडविले नाही.

बेंतांकूरने पंखा सुरू केला आणि जाण्यापूर्वी एकवार मागे पाहिले. भिंतीकडील त्या आडव्या फांदीचे टोक किंचित उचलले गेले होते. ते दिव्याकडे वळू लागले होते. सरकारी वकिलांनी सांगितलेली संध्याकाळ होईतो ती फांदी इतर फांद्यांसारखीच दिसणार होती.