खरवड्याला गाडी का थांबत नाही

खरवडे आणि धामणपूर ही शेजारशेजारची स्टेशनं, एकाच रुळावरची. फलाट सारखेच लांब, पत्रे सारखेच गळके आणि चहाही दोन्हीकडे सारखाच पाणचट. तरी धामणपूरला दिवसभर गाड्या थांबायच्या आणि खरवड्याला सकाळची फक्त एक. असं का? लोक म्हणायचे, धामणपूरचा आमदार वजनदार आणि आपलं नशीब फुटकं. आपल्याकडे आमदार आणि नशीब ही दोन कारणं मिळाली की तिसरं कुणी शोधत नाही.

हर्षालीला मात्र ते शोधावंच लागलं. आठवीतली ही मुलगी रोज सकाळच्या गाडीने तालुक्याच्या शाळेत जायची. तालुका एका बाजूला, धामणपूर दुसऱ्या बाजूला, मध्ये खरवडे. त्या शुक्रवारी फलाटावरच्या पाटीवर अक्षरं उमटली की सोमवारपासून ही गाडीसुद्धा खरवड्याला थांबणार नाही. घरी आई भाकरी थापता थापता म्हणाली, पहाटे धामणपूरला जायला रिक्षा मिळत नाही, जीप दहा वाजल्याशिवाय हलत नाही आणि शाळा भरते सातला. आता पुरे झाली शाळा. हे ती रागावून नाही, दमून म्हणाली, त्यामुळे हर्षालीला भांडताही येईना.

संध्याकाळी ती स्टेशनवर गेली. तिथे स्टेशनमास्तर उरले नव्हते, तिकीटखिडकीही केव्हाच बंद झाली होती. होता तो एक जुना यंत्रमानव. झाडलोट करायची, दिवे लावायचे आणि फलाटावर आलेली माणसं मोजायची, हे त्याचं काम. बाजारात धान्य मोजणाऱ्याला मापारी म्हणतात, म्हणून गावाने त्याचंही नाव मापारीच ठेवलं होतं. त्याची मान वळताना कुरकुरायची आणि त्याला खोटं बोलता यायचं नाही. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचा लोकांना जास्त त्रास व्हायचा.

"आमचा थांबा कुणी काढला?" हर्षालीने विचारलं.

मापारी म्हणाला, समयसूत्राने. समयसूत्र म्हणजे सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक आखणारा मोठा संगणक. हर्षाली फणकारली. गाडी जेमतेम एक मिनिट थांबते, त्या मिनिटाने त्याचं असं काय बिघडलं? यावर मापारीने तिला फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लावलं. ती पळाली. मग म्हणाला, आता पुन्हा पळ, पण मधल्या बाकापाशी पूर्ण थांब, बाकाला हात लाव आणि मग पुढे जा.

दुसऱ्या खेपेला तिला चांगलीच धाप लागली आणि वेळही कितीतरी जास्त गेला. खरं तर बाकाला हात लावायला क्षणही लागला नव्हता. मग वेळ गेला कुठे? जरा विचार केल्यावर तिच्या लक्षात आलं. बाक यायच्या आधीपासूनच तिला पाय आवरावे लागले होते, आणि निघाल्यावर पुन्हा वेग धरायला बरंच अंतर खर्ची पडलं होतं.

हे जडत्वामुळे होतं (जडत्व म्हणजे आहे त्याच स्थितीत राहण्याची वस्तूची ओढ), मापारीने समजावलं. तू हलकी आहेस तरी तुझी ही गत, गाडी तर शेकडो टनांची. ती किलोमीटरभर आधीपासून ब्रेक लावत येते आणि नंतर हळूहळू वेग घेते. त्यामुळे मिनिटभराच्या थांब्यात पाच मिनिटं जातात. ही झाली थांब्याची किंमत (थांबल्यामुळे एकूण वाया जाणारा वेळ). शिवाय मागच्या गाडीला सुरक्षित अंतर राखून खोळंबावं लागतं ते निराळंच. म्हणून समयसूत्र तराजू धरतं. एका पारड्यात गाडीत बसलेल्या हजार माणसांची ती पाच मिनिटं आणि दुसऱ्या पारड्यात त्या स्टेशनवर चढणारी-उतरणारी माणसं. ज्या स्टेशनचं पारडं जड, तिथे गाडी थांबते.

हर्षालीला जरा धीर आला, कारण सकाळी खरवड्याच्या फलाटावर शंभरेक माणसं तरी असायची. दूधवाले, कॉलेजची पोरं, कोर्टात तारखेला जाणारे. मग खरवड्याचं पारडं हलकं कसं?

"समयसूत्राच्या हिशेबात खरवड्याहून रोज चारच माणसं चढतात," मापारी म्हणाला. "ते फलाट बघत नाही. तिकीट कुठून काढलं आहे ते बघतं. तुझा पास कुठून आहे?"

हर्षालीने मोबाइल काढून पाहिला आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. पासवर होतं, धामणपूर ते तालुका.

ही युक्ती तिच्या पप्पांची. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं आणि गावात कुणाचं काही अडलं की लोक त्यांच्याकडेच यायचे. संध्याकाळच्या जलद गाड्या खरवड्याला न थांबता थेट धामणपूरला जायच्या, आणि खरवड्याच्या पासावर तिथवर गेलं तर दंड. पप्पांनी तोड काढली. थोडेसे पैसे जास्त भरून पासच धामणपूरचा घ्यायचा. सकाळी खरवड्याहून चढायचं, संध्याकाळी धामणपूरला उतरून रिक्षाने घरी. घरोघरी जाऊन त्यांनी लोकांना असे पास काढून दिले. गावाने त्यांना हुशार म्हटलं, आणि त्यात काही चूक नव्हती. पण रोज खरवड्याहून चढणारी शंभर माणसं हिशेबात धामणपूरची होत राहिली. गावाने आपली माणसं आपल्याच हाताने शेजाऱ्याच्या पारड्यात टाकली होती.

मापारी म्हणाला, याला प्रतिभरण म्हणतात (परिणामानेच आपल्या कारणाला पुन्हा बळ देणं). थांबे कमी म्हणून लोकांनी पास तिकडचा घेतला. पास तिकडचा म्हणून थांबे आणखी कमी झाले. धामणपूरला हेच चक्र उलटं फिरलं आणि थांबे वाढत गेले. एके काळी दोन्ही स्टेशनांना सारखेच थांबे होते.

मग तू मोजलेला आकडा समयसूत्राला पाठव, हर्षाली म्हणाली. मापारीने तिच्यासमोरच पाठवला. उत्तरही लगेच आलं. फलाटावरची मोजणी गर्दी आवरण्यासाठी असते, वेळापत्रकासाठी नाही. ती काकुळतीला येऊन म्हणाली की मग आम्ही सगळे आजच खरवड्याचा पास काढतो. मापारीची मान कुरकुरली. थांबा रद्द झालेल्या स्टेशनचा पास निघत नाही. थांबा नाही म्हणून पास नाही, आणि पास नाही म्हणून थांबा नाही. सोमवारपासून खरवड्याचा आकडा शून्य.

"म्हणजे आम्हाला जायचंच नाही, असं ते समजणार?"

"हो. जी गरज असते पण आकड्यात दिसत नाही, तिला सुप्त मागणी म्हणतात. समयसूत्राला ती मोजता येत नाही. मी फलाटावरची माणसं मोजत राहीन आणि दर महिन्याला पाठवत राहीन. कुणी वाचेल की नाही, मला माहीत नाही."

खोटं बोलता येत नसल्यामुळे, वाचतील, असं काही तो म्हणाला नाही. हर्षाली तिथेच बाकावर बसून रडली.

घरी तिने पप्पांना सगळं सांगितलं. सांगताना तिला त्यांचा राग आला होता, पण त्यांचं तोंड बघून तोही टिकला नाही. ताट समोर ठेवलं होतं, त्यांनी हात लावला नाही. रविवारी त्यांनी दिसेल त्या नंबरवर फोन केले. प्रत्येक ठिकाणी यंत्राचाच आवाज आला, गोड आणि ठाम.

सोमवारी हर्षालीने गणवेश घातला, दप्तर पाठीला लावलं. आईने विचारलं, गाडी थांबत नाही तर कुठे निघालीस? ती म्हणाली, "वाट बघायला. मी फलाटावर असले तर मापारीला मला मोजावंच लागेल."

फलाटावर दुसरं कुणीही नव्हतं. गाडी आली ती वेग जरासुद्धा कमी न करता. डबे धडधडत गेले, धूळ तोंडावर उडाली, एका खिडकीत धामणपूरची वर्गमैत्रीण दिसल्यासारखी वाटली आणि मग रूळ मोकळे. आपण खुळ्यासारख्या इथे उभ्या आहोत, असं वाटून हर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागे चपला वाजल्या. पप्पा आले होते, दुकानात जायच्या कपड्यांत. तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं आणि मापारीला विचारलं, आम्ही किती झालो?

"दोन," मापारी म्हणाला.

पप्पा बाकावर टेकले. दोघांसाठी कोण गाडी थांबवतं, असं पुटपुटले. मापारीने त्यांना खोडून काढलं नाही. मग पप्पा उठले.

"पास काढून द्यायला मी घरोघर फिरलो होतो," ते म्हणाले. "ती सगळी घरं मला पाठ आहेत. उद्या तू इथेच उभी राहा. मी एकेकाला घेऊन येतो."

आणि दुकानाकडे न जाता ते गावाच्या वाटेला लागले.