चार बोटं सावली

एक कोडं घालते. बघा सुटतंय का.

ऊन कडक. आभाळात ढगाची चिंधीसुद्धा नाही. सौरपाटी (उन्हापासून वीज तयार करणारी पाटी) तीच, जी आठवड्यापूर्वी घाटावर भरभरून वीज देत होती. तार तीच. कुठे तुटलेलं नाही, फुटलेलं नाही. आणि तरी आता त्या पाटीतून वीज येते ती अगदी थेंब थेंब. मग बाकीची वीज गेली कुठे?

मला हे सोडवायला अख्खी बुधवारची दुपार लागली. आणि नसतं सुटलं ना, तर माझी शाळाच गेली असती!

मी सगुणा बिरू कोकरे, इयत्ता नववी. आम्ही मेंढपाळ. दिवाळी झाली की माणदेशातून मेंढरं घेऊन निघतो आणि घाट उतरून कोकणात येतो. इथे तेव्हा भाताची कापणी झालेली असते. शेतकरी आपल्या रिकाम्या खाचरात आमची मेंढरं बसवून घेतात, कारण लेंड्यांसारखं खत नाही. चार दिवस या खाचरात, चार दिवस त्या, असं पार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. आता सांगा, अशा मुलीनं शाळेत जायचं कधी? पूर्वी दोनच उत्तरं होती. एक तर घरच्यांना सोडून वसतिगृहात राहायचं, नाहीतर शाळा सोडायची. दोन्हींत रडायलाच यायचं.

यंदा तिसरं उत्तर आलं. त्याचं नाव टिटवी.

टिटवी ही चालत्या शाळेची यंत्र-बाई. दोन काटकुळे पाय, तांब्याएवढं डोकं, डोक्यावर हिरवा दिवा. सुरू होताना 'टीटिटिव' असा आवाज करते, म्हणून माझ्या आज्जानं तिला हे नाव दिलं. आम्ही चालत असलो की ती घोडीवरच्या बोचक्यांवर बसून मला इतिहास शिकवते. गावच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर तोंड मिटून बसायचे. टिटवीच्या वर्गात शेवटचा बाकच नाही! मग काय, मी असे प्रश्न विचारत सुटले की एकदा टिटवीच म्हणाली, "सगुणा, आता घोडीला दम घेऊ दे."

पण चालती शाळा यंदा फक्त करून बघण्यापुरती होती. पहिली परीक्षा शुक्रवारी अकरा वाजता, टिटवीच्या डोळ्यांसमोर बसून द्यायची. झाली, तर टिटवी माझ्याजवळ राहणार. हुकली, तर टिटवी परत जाणार आणि मी वसतिगृहात.

आणि मंगळवारी संध्याकाळी टिटवीच्या बॅटरीत उरले होते चार टक्के.

म्हणजे पाटी आम्ही वाईट घेतली होती का? छे! बाजारात टिटवीला सोबत नेऊन पारखून घेतली होती. आज्जाला आवडला होता एक जाडजूड डबा. आत मोठी बॅटरी, पाठीवर तळहाताएवढी सौरपाटी. आज्जानं तो बोकडासारखा उचलून बघितला नि म्हणाला, "वजनदार हाय. हाच घ्या."

"आज्जा," टिटवी म्हणाली, "रांजण मोठा आहे, पण त्यात पडणारी धार करंगळीएवढी आहे."

मग तिनं मला हिशेब घातला. वॅट (वीज किती जोरात येते किंवा खर्च होते, त्याचं माप) म्हणजे धार. वॅट-तास (त्या धारेनं इतक्या तासांत जमलेली वीज) म्हणजे रांजणातलं पाणी. टिटवी शिकवताना दहा वॅट खाते. तीन तास शिकवलं तर तीस वॅट-तास खर्च. तिच्या पोटात मावतात साठ. तळहाताएवढी पाटी देणार दीड वॅट, आणि चांगलं ऊन दिवसातून चारच तास धरायचं. म्हणजे दिवसाला सहा वॅट-तास. टिटवी पूर्ण भरायला दहा दिवस!

"धा दिस?" आज्जा म्हणाला. "तवर ही उपाशी मरंल की!"

म्हणून आम्ही चार घड्यांची, वीस वॅटची पाटी घेतली. तिच्यावर वीस लिहिलेलं असलं तरी उघड्या रानात तेरा-चौदाच मिळतात, कारण वीस हा आकडा कारखान्यातल्या प्रखर दिव्याखाली मोजलेला असतो. हेही टिटवीनं आधीच सांगितलं होतं. घाटावर खडकावर पसरली की पाटी रोज तेरा वॅट द्यायची. एका दिवसाचं ऊन आम्हाला पुरून उरायचं.

कोकणात उतरलो आणि सगळं बिघडलं.

बुधवारी सकाळी आई-आबा मेंढरं घेऊन डोंगराकडे गेले. तळावर मी, आज्जा आणि नुकतीच जन्मलेली नऊ कोकरं. गावात जाऊन टिटवी भरून आणावी, तर वादळात गावची लाइन पडलेली, शनिवारपर्यंत येणार नव्हती. मी चार्जरच्या छोट्या पडद्यावर बघितलं. दोन वॅट. अकरा वाजले तरी दोन. बारा वाजले तरी दोन! आणि एवढीशी धार तर चार्जर स्वतःच खाऊन टाकत होता.

आज्जा पाटीपाशी उभा राहून पटक्याच्या शेवानं तिची काच पुसत होता. रविवारपासून दिवसातून दहादा पुसायचा.

"आगं सगे, ऊन तर टाळकं फोडतंय. मग ही बया भरंना का?"

मी टिटवीला जागं केलं. टीटि... एवढाच आवाज.

"टिटवी, ऊन आहे पण वीज नाही. काय करू?"

"पाटीकडे नीट बघून ये," ती पुटपुटली. "काय दिसतं ते सांग." आणि हिरवा दिवा विझला. आता तीन टक्के. पुन्हा उठवायची सोय नव्हती.

मग मी बघितलं. आमच्याकडे जे जिवापाड जपायचं ते वाघरीच्या आत ठेवतात. वाघर म्हणजे खुंट रोवून त्यांना बांधलेली सुताची जाळी. मेंढरं, कोकरं आत सुरक्षित राहतात. आज्जानं पाटीही वाघरीच्या आत ठेवली होती. बाहेर वानरं फार. खाली ठेवली तर कोकरं तुडवतील. म्हणून त्यानं ती आतल्या बाजूनं, कमरेएवढ्या उंचीवर, एका खुंटाला घट्ट बांधली होती, तोंड बाहेर उन्हाकडे करून. कोकरं जाळीतून बाहेर बघतात ना, अगदी तशी ती बाहेर बघत होती.

आणि तिच्या तोंडावर त्या खुंटाची सावली पडली होती. वरपासून खालपर्यंत, चार बोटं रुंद.

चारच बोटं! मला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय? पाटीचा जेमतेम दहावा भाग झाकला, तर दहावा भाग वीज कमी व्हावी. साधं गणित. पण शंका आली की मला आता गप्प बसवत नाही.

"आज्जा, पाटी सोड."

"सोड म्हनतीस व्हय! वानरानं नेली म्हंजी?"

"दहाच मिनिटं. मी धरून उभी राहते."

त्यानं कुरकुरत गाठ सोडली. मी पाटी नि तिला जोडलेला चार्जर घेऊन खाचराच्या मधोमध गेले. पडद्यावर तेरा! मी जोरात ओरडले, तशी दोन कोकरं दचकून उठली. मग पाटीच्या एका काळ्या चौकोनावर तळहात ठेवला. आकडा एकावर आला. हात काढला, तेरा. ठेवला, एक. एवढ्या मोठ्या पाटीवर एक तळहात, आणि सगळी वीज गडप!

मी तिथेच ढेकळावर बसले आणि डोकं खाजवलं. घाटावरच्या शेवटच्या मुक्कामी टिटवीनं दिव्यांच्या माळेचा धडा घेतला होता. पाटीवरचा प्रत्येक काळा चौकोन म्हणजे सौरघट (उन्हाची वीज करणारी पातळ चकती). एकट्या घटाचा जोर फार थोडा. म्हणून ते एकामागे एक जोडतात, की सगळ्यांचा जोर मिळून वाढतो. ह्याला म्हणतात एकसर जोडणी (एकाच ओळीतली जोडणी). म्हणजे वीज पहिल्या घटातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशीच जाणार. दुसरी वाटच नाही.

मी धावत आज्जाकडे आले. "आज्जा, अरुंद बांधावरून मेंढरं एकामागे एक चाललीत. मधली एक अडून बसली. काय होईल?"

"काय हुनार? मागची समदी थटनार."

"पण बाकीची तर धडधाकट आहेत!"

"धडधाकट असून काय करतील? बांधावर जागा नगं व्हय? जी अडली तिच्या चालीनं समद्यांची चाल."

"तसंच आहे! सावलीतला घट अडून बसतो. त्याच्यातून जेवढी वीज जाईल तेवढीच सगळ्यांची. बाकीचे उन्हात असून उपयोग नाही. खुंटाच्या सावलीनं..."

आणि मी थांबले. आज्जा त्या खुंटाकडे बघत होता. स्वतः रोवलेल्या, स्वतः गाठ मारलेल्या.

"म्हंजी मीच," तो हळू म्हणाला. "चार दिस मीच तुजी साळा बांदून ठिवली व्हय गं?"

  मग त्याच्या हातातला दोर मी घेतला आणि त्याच्याजवळ टेकले.

"तू बांधलीस म्हणून ती वानरांनी नेली नाही. कोकरांनी मोडली नाही. ती शाबूत आहे म्हणून तर आता भरणार."

"आता मी हितंच बसतो," तो म्हणाला. "राखन करतो."

पण काम इतक्यात कुठं संपलं! मी घाईनं टिटवीला पाटीशेजारी भर उन्हात ठेवलं, आणि पाव तासात आकडा तेरावरून एकदम शून्य. टिटवीची पाठ तव्यासारखी तापलेली. तेव्हा आठवलं, बॅटरी (वीज साठवून ठेवणारी पेटी) फार तापली की स्वतःच्या जिवासाठी भरणं थांबवते. पाटीला ऊन लागतं, बॅटरीला मात्र गारवा! मी टिटवीला उचललं आणि पाटीच्या मागे घोंगडीच्या सावलीत ठेवलं. गार व्हायला तासभर गेला. तोवर ऊन कललं होतं, आणि संध्याकाळपर्यंत टिटवी नऊ टक्क्यांवर आली.

गुरुवारी मी पाटीचं तोंडही नीट वळवलं. ज्वारीच्या पिठाची गोळी करून तिच्यात एक काडी उभी रोवली आणि गोळी पाटीच्या काठावर चिकटवली. काडीची सावली पडली तर पाटी तिरकी आहे. सावली काडीच्या पायाशीच गडप झाली तर पाटी बरोबर सूर्यासमोर. तासातासानं वळवत गेले आणि आकडा चौदापर्यंत गेला!

आणि आज्जा? तो दिवसभर काठी घेऊन पाटीपाशी बसला. दोनदा वानरं आली, दोनदा पळाली. पण मला आठवतं ते वेगळंच. सूर्य सरकला की तो उठायचा, खाली बघायचा, आणि आपली सावली पाटीवर पडणार नाही अशा जागी जाऊन बसायचा. पुन्हा सूर्य सरकला की पुन्हा उठायचा. भाकरीसुद्धा पाटीकडे पाठ न करता खाल्ली.

संध्याकाळी टीटिटिव! सत्त्याहत्तर टक्के.

"सगुणा, पाटीवर काय दिसलं?" टिटवीनं पहिलाच प्रश्न विचारला. दीड दिवस झोपून उठली तरी बाईच ती!

मी सगळं सांगितलं. बांधावरच्या मेंढरांसकट. टिटवी म्हणाली, "हे उदाहरण माझ्याकडे नव्हतं. मी ठेवून घेते. आणि काही पाट्यांत अडलेल्या घटांना वळसा घालून जाणारी वाट दिलेली असते. पुढची पाटी घेताना दुकानदाराला तेवढं विचारा."

"दुसरा बांद," आज्जा म्हणाला. "आसाया पायजेच."

शुक्रवारी सकाळी डोळे उघडले तर आभाळ काळं. ऊन नावालाही नाही. पडद्यावर एक वॅट. आज्जा पुन्हा पटक्याच्या शेवानं पाटी पुसायला लागला.

"आज्जा, घाबरू नका," टिटवी म्हणाली. "ढग आजचं ऊन अडवतील. कालचं माझ्या पोटात आहे."

अकरा वाजता मी घोंगडीवर मांडी घालून बसले.  तीन तास टिटवीनं प्रश्न दाखवले आणि मी उत्तरं लिहिली, काळ्या आभाळाखाली, कालच्या उन्हावर. वाघरीपलीकडे आज्जा एका कोकराचं तोंड धरून बसला होता, ते ओरडू नये म्हणून.

दोन वाजता टिटवी म्हणाली, "पेपर शाळेत पोचला." थोड्या वेळानं हिरवा दिवा दोनदा चमकला. "शाळेचा निरोप आहे. परीक्षा रीतसर झाली. टिटवीनं मुक्काम हलवू नये."

मी उडीच मारली. आज्जानं कोकरू सोडलं, ते लगेच बें बें करायला लागलं. आज्जा डोळे पुसत टिटवीजवळ आला.

"टिटवे, धावीला किती वॅट लागत्यात?"

"दहावीला अभ्यास जास्त. रोज पन्नास वॅट-तास धरू. तीस वॅटची पाटी पुरेल."

"आनि बारावीला?"

"तेवढीच चालेल."

"आनि त्याच्या फुडं? मेंढरांची डाक्टरीन व्हायची म्हनली तर?"

टिटवीनं डोकं आज्जाकडे वळवलं. "ते मी अजून मोजलेलं नाही, आज्जा."

"मग मोज की!" आज्जा म्हणाला. "सत्तावीस टक्के हाईत न्हवं अजून?"